स्वभावाच्या नावावर पावती फाडू नका

वर बघा. माना खाली घातल्या म्हणजे पश्चात्ताप झाला असं मी धरत नाही. वह्या मिटा, पेनं खाली ठेवा. आज मी काही लिहून देणार नाही आणि तुम्हीही लिहून घ्यायचं नाही. ऐकायचं.

घटक चाचणी चालू असताना मला ऑफिसातून बोलावणं आलं आणि अर्धा तास वर्गावर कोणी नव्हतं. त्या अर्ध्या तासात काय झालं हे मला कोणी येऊन सांगितलं नाही, तुमच्या पेपरांनीच सांगितलं. चवदार तळ्याचा सत्याग्रह कोणत्या साली झाला? वीस-बावीस जणांनी १९३० लिहिलंय. १९३० हे नाशिकच्या काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाचं साल. ज्याने पहिल्यांदा ही गल्लत केली, त्याची गल्लत मला समजते. त्याने निदान डोकं खाजवलं, आठवायचा प्रयत्न केला आणि चुकला. बाकीच्यांनी तेवढेही कष्ट घेतले नाहीत. एकाने तर पुढच्या बाकावरची खाडाखोडसुद्धा उतरवली आहे! आधी १९२ लिहायचं, मग काट मारायची आणि शेजारी १९३० लिहायचं. खोडलेलंही तसंच, काटही तशीच. हा पेपर तपासताना मला पहिल्यांदा राग आला नाही, वाईट वाटलं. बरोबर उत्तर चोरायला निदान काही कारण असतं. तुम्ही दुसऱ्याचा गोंधळ चोरलात.

तरीही ही गोष्ट मार्क कापून आणि दोन शब्द सुनावून संपली असती. ती संपली नाही ती तुमच्या खुलाशामुळे. मी म्हटलं होतं, प्रत्येकाने आपापला खुलासा लिहून द्या. ‘मॅडम, चुकलं’ एवढे दोन शब्द पुरले असते. त्याऐवजी सगळ्या वर्गाच्या सह्यांचा एकच कागद माझ्या टेबलावर आला. त्यात तुम्ही काय म्हणता? माणूस जन्मतःच स्वार्थी आणि वाईट असतो. नियम आणि पहारा यांच्याशिवाय तो नीट वागूच शकत नाही. तुमच्या जागी कोणीही असता तर हेच झालं असतं. तेव्हा दोष विद्यार्थ्यांचा नाही, वर्ग रिकामा सोडण्याचा आहे. आणि याला साक्षीदार म्हणून दोन मोठी नावं: चीनचा शुन्झी आणि इंग्रज कादंबरीकार विल्यम गोल्डिंग.

आधी त्या ‘कोणीही’चा हिशोब करू.

तिसऱ्या बाकावरच्या दोघींच्या पेपरात त्या प्रश्नापुढची जागा कोरी आहे. खिडकीकडच्या एकाने ‘साल आठवत नाही’ असं सरळ लिहिलंय. आणखी दोघांनी वेगळी सालं लिहिलीत, चुकीची, पण स्वतःची. वर्ग तोच, अर्धा तास तोच, पहारा त्यांच्याही डोक्यावर नव्हता. माणसाचा जन्मजात स्वभाव त्यांना काय वेगळा वाटला होता? त्या दोघींपैकी एक दोन मार्कांनी नापास झाली आहे. शेजारच्या पेपरात डोकावली असती तर पास झाली असती, कारण त्या पानावरची पुढची दोन उत्तरं बरोबर होती. आणि तुम्ही काय केलंत? खुलाशाच्या कागदावर तिचीही सही घेतलीत. जी डोकावली नाही, तिच्याकडून ‘माणूस डोकावतोच’ असं कबूल करून घेतलंत. कॉपीपेक्षा मला हे जास्त लागलं आहे. तुम्हाला तिची सोबत नको होती, तिचा वेगळेपणा पुसायचा होता. कारण तिचा तो कोरा पेपर जोवर समोर आहे तोवर तुमचा सिद्धांत उभा राहत नाही.

आता शुन्झी. मोबाइलवर दोन ओळी वाचल्या आणि माणूस हाताशी आला असं होत नाही. हा इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला विचारवंत. माणूस उपजत वाईट असतो असं त्याने लिहिलं, हे खरं. लोभ, मत्सर, सुखाची ओढ घेऊन माणूस जन्माला येतो, आणि त्यांच्यामागे मोकाट धावू दिलं तर भांडणं आणि लुटालूट ठरलेली, असं त्याचं म्हणणं. त्याच्या आधीच्या मेन्शियसचं म्हणणं नेमकं उलट होतं. लहान मूल विहिरीत पडताना दिसलं तर कोणाच्याही काळजात चर्र होतं, त्यात मुलाच्या आईबापांकडून काही मिळावं हा हिशोब नसतो, म्हणून चांगुलपणाचा कोंब माणसात असतोच, असं तो सांगत होता. तुम्ही मेन्शियस सोडलात, शुन्झी उचललात, कारण तो सोयीचा वाटला. पण तो सोयीचा नाही. शुन्झी स्वतः शिक्षक होता, छी राज्यातल्या नावाजलेल्या विद्यापीठाचा प्रमुख होता. त्याच्या ग्रंथाचं पहिलंच प्रकरण शिकण्याचा आग्रह धरणारं आहे. वाकडं लाकूड वाफेवर धरून, साच्यात दाबून सरळ करतात तसा माणूस घडवावा लागतो, आणि रस्त्यावरचा कोणताही सामान्य माणूस खटपटीने थोर होऊ शकतो, असं तो म्हणत होता. ‘स्वभाव वाईट, म्हणून माझी जबाबदारी नाही’ असं म्हणणाऱ्या शिष्याला त्याने दारात उभं केलं नसतं.

त्याचे दोन शिष्य मात्र तुमच्यासारखा अर्धा धडा घेऊन बाहेर पडले, हान फेई आणि ली सी. घडवण्याची भानगड नको, माणूस वाईट आहे ना, मग कायदा आणि शिक्षा एवढंच पुरे, अशी त्यांची राजनीती. छिन राज्याने ती उचलली. इसवी सनापूर्वी २२१ मध्ये छिनने सगळा चीन एका छत्राखाली आणला आणि पुढे ली सी तिथे प्रधान झाला. म्हणजे तुमच्या खुलाशातलं राज्य खरोखर होऊन गेलेलं आहे. पहारा सगळीकडे, विश्वास कोणावरच नाही. ते किती टिकलं? पंधरा वर्षं. सिमा छियान हा चीनचा थोर इतिहासकार त्याच्या अखेरीची गोष्ट सांगतो. इसवी सनापूर्वी २०९ मध्ये नऊशे माणसांची एक तुकडी सरहद्दीवर पहाऱ्यासाठी चालली होती. पावसाने वाट बुडाली, वेळेत पोचणं अशक्य झालं. उशिराची शिक्षा मृत्यू. त्यांच्यातल्या चेन शेंग आणि वू ग्वांग या दोघांनी हिशोब मांडला. पळालो तरी मरण, बंड केलं तरी मरण, मग बंडच करू. बंडाचा वणवा सगळीकडे पसरला आणि साम्राज्य कोसळलं. ज्यांनी भीतीखेरीज दुसरं काही शिकवलं नव्हतं, त्यांच्या हाती भीतीचा धाक संपल्यावर काहीच उरलं नाही. हान फेई त्याआधीच छिनच्याच तुरुंगात विष घेऊन मेला होता, आणि सिमा छियानच्या म्हणण्याप्रमाणे ते विष ली सीनेच पाठवलं होतं. पुढे ली सीलाही त्याच कायद्याने भर बाजारात कमरेतून चिरून मारलं. सगळेच वाईट असतात असं एकदा धरून चाललं की आपल्यावर विश्वास ठेवणारंही कोणी उरत नाही.

गोल्डिंगबद्दल फार बोलत नाही. ज्या कादंबरीसाठी तुम्ही त्याला साक्षीला आणलंत, ती १९५४ ची. बेटावर अडकलेली शाळकरी मुलं एकमेकांच्या जिवावर उठतात. गोल्डिंग स्वतः शाळामास्तर होता आणि महायुद्धात नौदलात होता, त्याने पाहिलेला अंधार खोटा नव्हता. पण कादंबरी म्हणजे पुरावा नव्हे. १९६५ साली टोंगामधली एका वसतिगृहाची सहा मुलं बोट घेऊन निघाली, वादळात भरकटली आणि अता नावाच्या ओसाड बेटाला लागली. वर्षभराहून जास्त काळ ती तिथे होती. १९६६ मध्ये पीटर वॉर्नर या ऑस्ट्रेलियन दर्यावर्दीला ती सापडली, तोवर घरच्यांनी त्यांचे अंत्यविधीही उरकले होते. सगळी जिवंत होती. कामाच्या पाळ्या जोडीजोडीने लावलेल्या, पेटवलेला विस्तव विझू दिलेला नव्हता, भांडण झालं की भांडणाऱ्यांनी वेगवेगळ्या बाजूला जाऊन डोकं शांत करून यायचं असं ठरलेलं. एकाचा पाय मोडला तो बाकीच्यांनी बांधून बरा केला. ही तुमच्याच वयाची मुलं. भांडत नव्हती असं नाही, भांडणाचं काय करायचं ते त्यांनी ठरवलं होतं. आणि ठरवायला त्यांच्यावर सुपरवायझर नव्हता.

आता तुम्ही चुकवलेल्या प्रश्नाकडे या. कारण तुमच्या खुलाशाला खरं उत्तर चीनमध्ये नाही, आपल्या महाडमध्ये आहे. हा प्रश्न ज्यांनी धड वाचला असता, त्यांनी तो कागद लिहिलाच नसता.

साल १९२७, तारीख २० मार्च. पण गोष्ट त्याआधी चार वर्षांची. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांनाही खुल्या. जानेवारी १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव केला. म्हणजे नियम होता. छापील, सही-शिक्क्याचा, दोनदा केलेला. तुमच्या हिशोबाने इथे प्रश्न सुटायला हवा होता, माणूस वाईट, पण नियम आला. प्रत्यक्षात तीन वर्षं एकाही अस्पृश्याला त्या तळ्यावर पाय ठेवता आला नाही. २० मार्चला बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन गेले, ओंजळीने पाणी प्याले. त्यानंतर गावात अफवा पसरवली गेली की हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, आणि परतणाऱ्या माणसांना, मंडपात जेवायला बसलेल्यांना लाठ्याकाठ्यांनी झोडपण्यात आलं. मग तळ्यात पंचगव्याचे घडे ओतून ‘शुद्धी’ करण्यात आली. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला.

ज्यांनी हे केलं ते कोण होते? चोर-दरोडेखोर? गावातली देवभोळी, संसारी, शेजाऱ्याच्या अडीनडीला धावून जाणारी माणसं होती ती. आणि आपण नियम मोडतोय असं त्यांना वाटतच नव्हतं. ती नियमच पाळत होती, शेकडो वर्षांचा, पोथीत लिहिलेला. म्हणून २५ डिसेंबर १९२७ ला त्याच महाडला मनुस्मृती जाळावी लागली. हे नीट लक्षात घ्या, कारण तुमच्या कागदावर याला जागाच नाही. तुम्ही म्हणता, वाईट हे वाईट माणसाच्या हातून आणि नियमाच्या अभावी होतं. महाडला सगळ्यात मोठं वाईट झालं ते नियमानुसार, चांगल्या म्हणवणाऱ्यांच्या हातून.

आणि त्याच गावात, त्याच पोथीखाली वाढलेली दुसरी माणसंही होती. नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे सत्याग्रहाच्या बाजूने उभे राहिले. मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडणारे गंगाधरपंत सहस्रबुद्धे जातीने ब्राह्मण. परिषदेला जागा द्यायला गावात कोणी तयार होईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली. तिसऱ्या बाकावरच्या दोघींचे कोरे पेपर बघताना मला हीच नावं आठवली. मोठ्या कामाशी लहान काम जोडतेय असं वाटेल, पण जात एकच आहे. सगळे जे करतात ते न करणं.

डिसेंबरमधली एक गोष्ट तर तुम्ही पाठ करून ठेवावी अशी आहे. सत्याग्रहासाठी हजारो लोक जमले होते, मार्चमधल्या माराची आठवण ताजी होती. ऐन वेळी विरोधकांनी कोर्टातून मनाई हुकूम आणला. हा हुकूम अन्यायाचा होता हे बाबासाहेबांइतकं कोणाला कळत होतं? तळं खासगी असल्याचा दावाच मुळात खोटा होता. जमाव तयार होता, मनं पेटलेली होती. तरी त्यांनी पाणी पिणं थांबवलं, हुकूम मानला आणि दावा लढले. मुंबई हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ चा मार्च उजाडला. जवळपास दहा वर्षं! पहारेकरी होता म्हणून त्यांनी नियम पाळला का? एक नियम जाळला आणि दुसरा, स्वतःच्या विरुद्ध गेलेला, पाळला. हा निवाडा करण्याची ताकद माणसात असते. तुम्ही अर्ध्या तासात ती गुंडाळून ठेवलीत आणि वर म्हणता ती नसतेच.

माणूस मुळात दुष्ट आहे असं म्हणण्याचा अधिकार या देशात कोणाला असेल तर तो बाबासाहेबांना होता. त्यांनी तसं म्हटलं नाही. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटनेचा मसुदा मांडताना ते म्हणाले की संवैधानिक नीती माणसाला जन्मतः मिळत नाही, तिची मशागत करावी लागते. पुढच्या वर्षी २५ नोव्हेंबरला त्यांनी बजावलं की घटना कितीही चांगली असली तरी ती राबवणारे वाईट निघाले तर ती वाईटच ठरेल. जन्मतः मिळत नाही, इथपर्यंत तुमचं आणि त्यांचं एकमत दिसतं. फरक पुढच्या शब्दात आहे. तुम्ही ‘मिळत नाही’ म्हणून हात झटकलेत, ते ‘मशागत करा’ म्हणून कामाला लागले.

मागून कोणीतरी हळूच म्हणालं, ते मोठे लोक होते. ऐकलं मी. ठीक आहे, मोठ्यांना बाजूला ठेवू. धुळे-नाशिककडच्या शेतकऱ्यांचं बोलू.

पांझरा, मोसम, गिरणा, आरम या नद्यांच्या काठी तीनशे वर्षांहून जुनी एक पद्धत आहे, फड पद्धत. नदीवर दगडी बंधारा घालायचा, पाट काढायचा आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठे तुकडे पाडायचे. हे फड. एका फडात एका वर्षी एकच पीक. ऊस कोणत्या फडात, हंगामी पिकं कोणत्या फडात आणि कोणता फड पावसावर सोडायचा हे गाव मिळून ठरवणार. शेतकऱ्याची थोडी इथे, थोडी तिथे अशी वेगवेगळ्या फडांत जमीन, म्हणजे या वर्षी एकाला सगळं आणि दुसऱ्याला काहीच नाही असं होत नाही. आता बारकाईने ऐका. स्वतःच्या शेतात स्वतः दारे धरायची नाहीत. पाणी फिरवणार तो पाटकरी. राखण करणार जागल्या. त्यांच्यावर हवालदार. त्यांची मजुरी शेतकऱ्यांनीच धान्यरूपाने द्यायची. पीक सगळ्यांचं सारखं, म्हणून ‘मला जास्त लागतं’ म्हणायला जागा नाही. पाण्याला हात लावायचा नाही, म्हणून रात्री बांध फोडायचा मोह नाही. बंधाऱ्याची डागडुजी, पाटातला गाळ काढणं सगळ्यांनी मिळून.

हे शेतकरी भोळे होते असं समजू नका. तहानलेलं पीक समोर असताना आपला हात पाटाकडे जाईल, हे त्यांना स्वतःबद्दल पक्कं ठाऊक होतं. शेजाऱ्याबद्दल नव्हे, स्वतःबद्दल. म्हणून त्यांनी तो हात आधीच बांधून घेतला, एकमेकांच्या साक्षीने. सरकारने लादलेला नियम नव्हता तो. ज्यांना मोह होणार होता त्यांनीच, मोह होण्याआधी, घातलेली गाठ होती. वाईट वागू शकतो आणि वागणार नाही असं ठरवू शकतो, हे दोन्ही एकाच माणसाला जमतं. पुढे विहिरींवर मोटारी आल्या, नद्यांवर वर धरणं झाली, ज्याचं त्याचं पाणी झालं आणि बरेच फड मोडकळीला आले. दोन पिढ्यांत काय त्या माणसांचा स्वभाव बिघडला? स्वभाव तोच आहे. एकत्र बसून ठरवणं सुटलं.

तुमच्या दोषाचं बिल तुम्ही वर्गावर नसलेल्या सुपरवायझरच्या नावे काढलंत. परीक्षेतल्या गैरप्रकारांविरुद्ध महाराष्ट्रात १९८२ पासून स्वतंत्र कायदा आहे. बैठी पथकं आहेत, भरारी पथकं आहेत, आता कॅमेरे आहेत. तरी दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा केंद्राच्या भिंतींवर चढलेली माणसं आपण बघतो. त्यांत मुलांचे काका-मामाही असतात. पहारा वाढवायला माझी हरकत नाही. दुबळ्या क्षणी पहाऱ्याचा आधार होतो, फडावर जागल्या होताच. पण जागल्याला धान्य देणारे शेतकरी होते. जागल्या झोपला म्हणून पाणी चोरलं, असं त्यांच्यातल्या कोणी पंचांना सांगितलं असतं तर गावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती. तुम्ही तेच लिहून, सह्या करून, मला आणून दिलंत.

तुमची बुद्धी कमी आहे म्हणून मी एवढं बोलत नाहीये. बुद्धी आहे. शुन्झी शोधून काढलात, गोल्डिंग आणलात, अर्ध्या पानात बऱ्यापैकी बांधेसूद युक्तिवाद केलात. ती सगळी हुशारी स्वतःला सोडवायला खर्ची घातलीत, याचा मला संताप आहे. दहा वर्षांनी तुमच्यातलं कोणी तलाठी असेल, कोणी पुलाच्या कामावर इंजिनिअर, कोणी औषधाच्या दुकानात. तिथे अर्ध्या तासाने वर्गावर कोणी परत येत नाही. हाच कागद तेव्हाही तुमच्या खिशात असेल. पुलाच्या सिमेंटात कमी-जास्त होताना ‘कोणीही हेच करेल’ म्हणाल, आणि त्या पुलावरून कोणाचीतरी शाळेची बस जाईल.

तो कागद मी परत देते आहे. मॉनिटर, इकडे ये, घेऊन जा. आधी त्यावरच्या पाच सह्या खोडा, ज्यांनी कॉपी केली नाही त्यांच्या. आणि त्या पाचजणांना ‘तुझी सही घ्यायला नको होती’ असं तोंडाने सांगा, माझ्यासमोर नको, आपापसात. त्यांनीही मोठेपणा मिरवायचा नाही.

मग उरलेल्यांनी शनिवारपर्यंत बसून या वर्गाचे परीक्षेचे नियम लिहायचे. वर्गावर कोणी नसताना लागू होतील असे. बाक कसे लावायचे, कोणाला आठवत नसेल तर त्याने काय करायचं, कोणी डोकावताना दिसलं तर शेजाऱ्याने काय बोलायचं. नेटवरून उतरवलेलं मला कळतं, हे तुम्हाला आता माहीत आहे. आणि ज्याने मोडलं त्याचं काय करायचं, ते कलम गाळून आणू नका. ते मी लिहून देणार नाही. तुमच्यापैकी कोणावर ते लावायची वेळ आली तर लावायला मीही येणार नाही.

बसा. आता पुस्तकं काढा. महाडचं प्रकरण पहिल्यापासून वाचायचं आहे, आणि आज मोठ्याने वाचायची पाळी शेवटच्या बाकापासून सुरू होईल.